बियांच्या एकशे बारा बाटल्या

माझ्या सुनेचा मला पहिल्यांदा हेवा वाटला तो सागरगोट्यांवरून.

तेव्हा आम्ही बोरिवली पूर्वेला राहत होतो, नॅशनल पार्कच्या थोडं अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. त्या दिवशी माझी सकाळपाळी होती. साडेतीनच्या सुमारास जिना चढत होते, तर वरून हसण्याचा आवाज आला. पुरुषाचं हसणं, पोटातून आलेलं. मी दुसऱ्या मजल्यावरच थांबले. आवाज ओळखीचा होता, पण बरेच महिने मी तो ऐकला नव्हता. माझा नवरा हसत होता.

दार उघडंच होतं. हॉलच्या फरशीवर हे मांडी घालून बसलेले आणि समोर आमची सून, घरात येऊन जेमतेम चार महिने झालेली. मध्ये पाच राखाडी, गुळगुळीत सागरगोटे. ह्यांनी एक वर उडवला, खालचे दोन उचलले आणि वरचा झेलायच्या आत तो जाऊन पडला थेट सोफ्याखाली. सून म्हणाली, "बाबा, तुमचा हात गिरणीतला आहे, खेळातला नाही." त्यावर हे पुन्हा हसले.

मला पाहिल्यावर ती लगबगीने उठली. "आई, चहा ठेवते," म्हणाली. हेही उठले, आणि चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी स्विच बंद करावा तसं गेलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. आता वय झालं, आता सांगायला हरकत नाही. मला वाटलं, ही कोण?

हे परळच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडली नाही. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ना निरोप, ना हार, ना नारळ. एक दिवस कामावर जायचं थांबलं आणि त्यालाच पुढे आम्ही निवृत्ती म्हणायला लागलो. गॅलरीत खुर्ची टाकून हे बसायचे. विचारलं तर उत्तर द्यायचे, नाहीतर नाही. मी जमेल तेवढ्या जादा पाळ्या घेत होते. घरी यायची तेव्हा अंगात बोलायचं त्राण नसायचं. दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देणारी बाई मी, घरी आले की माझाच आवाज संपलेला असायचा. ह्यांना बोलतं करायला हवं हे कळत होतं. पण ते सुट्टीच्या दिवसावर ढकललेलं काम होतं, आणि सुट्टीच्या दिवशी कपड्यांचा ढीग असायचा.

ते काम सुनेने केलं. तेही सहज, सागरगोटे खेळता खेळता.

ती चंद्रपूरकडची. वडील जंगलखात्यात गार्ड. मुलाने लग्न स्वतः ठरवलेलं, आम्ही दोघं कोकणातले, त्यामुळे सुरुवातीला तिचं बोलणं मला नाटकातल्यासारखं वाटायचं. माहेरून येताना तिने दागिन्यांच्या डब्याबरोबर एक कापडी पिशवी आणली होती. तिच्यात होत्या बिया. सागरगोटे, गुंजा, बिब्बे, मोहाच्या बिया. "लहानपणापासून जमवते मी," ती म्हणाली होती. मी म्हटलं होतं, "छान." आणि मी कामाला निघून गेले होते. हे घरीच होते. ह्यांनी विचारलं, मोहाच्या बीला तुमच्याकडे काय म्हणतात? तिने सांगितलं, टोळी. मग ह्यांनी सांगितलं, आमच्याकडे उंडीची बी असते, तिचं तेल काढून गावी दिवे लावायचे. हे सगळं मला नंतर कळलं, तुकड्यातुकड्याने, आणि दर तुकडा ऐकताना वाटायचं की उंडीच्या दिव्यांची गोष्ट माझी होती. त्याच दिव्यांच्या उजेडात मी लहानपणी अभ्यास केला होता. ह्यांना मी ते लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

मग दोघं सकाळी नॅशनल पार्कमध्ये फिरायला जायला लागले. येताना पिशवीत शेंगा, बोंडं, वाळकी फळं. दुपारी ती फोडायची, बिया उन्हात वाळवायच्या, कडुनिंबाचा पाला घालून बाटलीत भरायच्या. ओळखीच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडून सून रिकाम्या बाटल्या मागून आणायची. मोठ्या बियांना कॉफीच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने अडकवलेली जाड कागदाची चिठ्ठी आणि त्यावर सुनेच्या टपोऱ्या अक्षरात नाव: बहावा, रिठा, कुसुंब, पांगारा. ह्यांनी जुन्या पाटाच्या फळ्या कापून कप्पे केले. मुलगा अंधेरीला कारखान्यात होता, तो सकाळी सातला जायचा ते साडेसातला यायचा. तो म्हणायचा, "झकास चाललंय बाबांचं." आणि खरंच चाललं होतं. ह्यांचं वजन वाढलं. हे शेजाऱ्यांशी बोलायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण जेवताना मीठ कमी असलं की बाकी सगळं चांगलं असूनही लक्ष मिठावरच जातं ना, तसं माझं झालं होतं.

पंच्याऐंशीच्या अखेरीस मी निवृत्त झाले. ऑफिसातल्या मुलींनी मोठा निरोप दिला, हार घातला, भाषणं केली, लेमन सेट दिला. हिरवट काचेचा जग आणि सहा पेले, त्यावर पिवळी फुलं. घरी आणून मी तो शोकेसच्या मधल्या कप्प्यात मांडला. पंधरा दिवसांनी पाहिलं तर शोकेसमध्ये बाटल्या होत्या.

"लेमन सेट कुठे आहे?" मी विचारलं.

"माळ्यावर ठेवलाय, नीट कागदात गुंडाळून," हे म्हणाले. "अगं, कप्पे पुरेनात. आणि तो सेट वापरणार कोण? आपण तर स्टीलच्या पेल्यातून पितो."

सून म्हणाली, "आई, काढून देऊ का? आपण बाटल्या खाली ठेवू."

"राहू दे," मी म्हटलं. तिने विचारलं याचाच मला जास्त राग आला.

मी घरी राहायला लागले तेव्हा कळलं की घराला आता स्वतःचं वेळापत्रक आहे आणि त्यात मी नाही. सहाला दोघं पार्कमध्ये. नऊला नाश्ता. दुपारी जेवणं झाल्यावर हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून बिया. मी मधल्या खोलीत आडवी व्हायची. त्यांना वाटायचं, मी झोपते. मी झोपत नव्हते. ऑपरेटरच्या कानाला झोप येत नाही. पडद्यापलीकडे ते एकेक नाव घ्यायचे आणि ते नाव माझ्या डोक्यात आपोआप जाऊन बसायचं. एकतीस वर्षं मी हजारो नंबर असेच लक्षात ठेवले होते. दोन महिन्यांत मला शोकेसमधली प्रत्येक बाटली पाठ झाली. कुठल्या कप्प्यात कुठली, कुणी कुठे वेचली, तिच्याकडे काय म्हणतात, आमच्याकडे काय म्हणतात, सगळं. हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण मला कुणी विचारलं नव्हतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा पेन्शनच्या कामाला अंधेरीला गेले होते. परतताना एका शाळेच्या कुंपणापाशी झाडाखाली लालभडक, चकचकीत बिया पडलेल्या दिसल्या. साडी आवरून खाली बसले, सात-आठ वेचल्या, रुमालात बांधल्या. घरी येऊन ह्यांच्यासमोर रुमाल सोडला. 

हे म्हणाले, "रतनगुंज. ही आहे आपल्याकडे." आणि बिया खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून पुन्हा सुनेकडे वळले. त्यांच्या हातात त्या वेळी काहीतरी नवीन होतं, तिला ते दाखवत होते.

त्या बिया तीन दिवस कट्ट्यावर होत्या. मग मीच झाडताना केरात टाकल्या.

पुढच्या वर्षी आमच्या भागातल्या वाचनालयाने छंदांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. शाळेचा हॉल, रविवारची सकाळ. कुणाची नाणी, कुणाचे काडेपेटीचे छाप, कुणाची क्रोशाची तोरणं. ह्यांचं नाव वाचनालयाच्या चिटणीसांनीच घातलं. पाहुण्या म्हणून पार्ल्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई येणार होत्या. आमच्या घरात लग्नाची धांदल असावी तशी धांदल सुरू झाली. एकशे बारा बाटल्या. सगळ्या पुसायच्या, पाला बदलायचा, मळलेल्या चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या. ठरलं असं, की ह्यांनी टेबलामागे बसायचं आणि सुनेने लोकांना माहिती सांगायची. "माझा आवाज कोण ऐकणार," हे म्हणाले, "हिचं बोलणं गोड आहे."

एकतीस वर्षं मला माझ्या आवाजाचा पगार मिळत होता. हे ते विसरले होते.

शनिवारी दुपारी सून वाचनालयात टेबलावरची चादर आणि बोर्ड ठरवायला गेली. ह्यांनी एकट्याने सगळ्या बाटल्यांना चिठ्ठ्या अडकवल्या, फळ्यांवर ओळीने मांडल्या, मोजल्या, आणि दमून आत जाऊन झोपले. मी हॉलमध्ये आले. ऊन तिरकं पडलं होतं आणि सगळ्या काचा चमकत होत्या. खरं सांगते, सुंदर दिसत होतं ते. तिथे मी दहा मिनिटं तरी नुसती उभी होते.

मग मी शिरीषाच्या बाटलीची चिठ्ठी काढली आणि किन्हईला घातली. किन्हईची शिरीषाला. नुसता दोऱ्याचा फास होता, वरून काढायचा, वरून घालायचा. काळा कुडा आणि पांढरा कुडा. आपटा आणि कांचन. खैर आणि हिवर. चार जोड्या. लगेच डोळ्यात भरणार नाहीत, पण जाणकाराला कळतील अशाच मी निवडल्या. डोळ्यांपुढे चित्र स्पष्ट होतं: सून गोड आवाजात चुकीचं सांगते आहे आणि पाहुण्या बाई भुवया उंचावून तिच्याकडे बघताहेत. अक्षर तिचं, बोलणं तिचं, फजिती तिची. ह्यांचा विचारच माझ्या मनात आला नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. उलट तीच तर चूक होती.

रविवारी हॉल भरला होता. मी मागे, खुर्चीवर. पाहुण्या बाई चाळिशीच्या, साध्या, चष्मा लावलेल्या. आमच्या टेबलापाशी त्या इतरांपेक्षा जास्त वेळ थांबल्या. बाटल्या उचलून उजेडात धरून बघू लागल्या. "केवढं काम केलंय तुम्ही," म्हणाल्या. मग एक बाटली त्यांच्या हातातच राहिली.

"हा शिरीष नाही," त्या म्हणाल्या. शेजारची उचलली. "हा शिरीष. अदलाबदल झाली वाटतं. आणि हे कुडे पण..."

सून पुढे झाली. तिने बाटली हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला. "हो मॅडम. चुकलं माझं. चिठ्ठ्या मी लिहिल्या."

"लिहिल्या हिने," हे म्हणाले, "पण काल अडकवल्या मी. एकट्याने. एकेक बघून."

"नाही बाबा, माझ्याच हातून—"

"अगं, तू नव्हतीसच तिथे."

बाई हसून म्हणाल्या, "असू दे हो आजोबा. या वयात होतं असं. मोठ्या मनाने जमवलंय तुम्ही." त्यांनी चांगल्या भावनेने म्हटलं. दोन-तीन लोक हसले, तेही वाईट मनाने नाही. ह्यांनी मान डोलावली आणि खुर्चीत बसले. ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेलेला मी एवढ्या लांबून पाहिला.

आणि तरी, त्याही क्षणी, माझ्या मनात पहिली गोष्ट कुठली आली असेल? बघा कसे एकमेकांना वाचवताहेत. मला वाचवायला कोण उभं राहिलं असतं?

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. संध्याकाळी गॅलरीत मला हाक मारली. बऱ्याच काळाने मला, सुनेला नाही. मी जाऊन बसले. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"काल मी एकेक बाटली बघून चिठ्ठी घातली होती," ते म्हणाले. "मला तसं आठवतंय. म्हणजे मला जे आठवतंय ते खरं नाही."

मी त्यांच्याकडे वळले.

"दादाचं असंच सुरू झालं होतं." आणि मग आवाज अगदी खाली आणून, गावच्या बोलीत, "माका भीती वाटता गो."

ह्यांचा थोरला भाऊ गावी साठीतच भ्रमिष्ट झाला होता. आधी नावं गेली, मग माणसं, मग घराची वाट. शेवटी शेवटी त्याच्या सदऱ्याच्या आत नाव-गाव लिहिलेली चिंधी शिवून ठेवायला लागायची, कारण तो चालत सुटायचा आणि कुठल्याही गावात सापडायचा. गिरणी बंद पडल्यावर हेच तीन महिने जाऊन त्याला सांभाळून आले होते.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ह्यांचा हात माझ्या मनगटावर होता. कित्येक वर्षांत ह्यांनी असा माझा हात धरला नव्हता. मी तोंड मिटलं.

पुढचे आठ दिवस ह्यांनी मला जवळून हलू दिलं नाही. सुनेपुढे ह्यांना लाज वाटायची. तिने बाटल्या काढल्या की "नंतर बघू," म्हणून उठायचे. पार्कमध्ये जाणं बंद, कारण वाट चुकली तर? सकाळचा चहा माझ्याबरोबर, गॅलरीत. भाजी आणायला माझ्याबरोबर. वहीत लिहायचे: आज काय खाल्लं, कोण आलं, वार कुठला. मला वही वाचायला द्यायचे आणि विचारायचे, "बरोबर आहे ना?" मी म्हणायची, "बरोबर आहे." त्यांना माझी गरज होती. मला तेच हवं होतं, आणि मी ते खाल्लं, आठ दिवस, पोटभर. सुनेला दाराशी उभी राहून आमच्याकडे बघताना मी पाहायची आणि वाटायचं, आता तुला कळेल. हे लिहिताना हात जड होतो, पण तसं वाटलं होतं हे खरं आहे.

तिने एकदा मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं का? की माझ्याच चिठ्ठ्या चुकल्या होत्या? मी रोज आठवून बघते, लिहिताना मीच घोटाळा केला का." तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"बघू," मी म्हटलं आणि कणीक मळत राहिले.

नवव्या दिवशी दुपारी मी शेजारी जाऊन परत आले. हे पलंगाच्या कडेवर बसले होते. मांडीवर पांढरा सदरा उलटा केलेला. हातात सुई. गिरणीतला माणूस, सुईदोरा ह्यांना उत्तम यायचा, बारीक, सरळ टाके. मला वाटलं बटण लावताहेत. जवळ गेले तर सदऱ्याच्या आत, छातीशी, कापडाचा चौकोनी तुकडा शिवत होते. त्यावर पेनने आमच्या बिल्डिंगचं नाव, मजला, खोली नंबर.

"आताच करून ठेवतो," ते म्हणाले. "नंतर हात चालायचे नाहीत. आणि सुनेला सांग, त्या बाटल्या कॉलेजच्या बाईंना देऊन टाक. इथे उगाच चुकीची नावं राहतील."

मी त्यांच्या हातातून सदरा ओढून घेतला. सुई माझ्या बोटात गेली.

"तुम्ही चुकला नव्हता," मी म्हटलं. "चिठ्ठ्या मी बदलल्या. शनिवारी दुपारी. तुम्ही झोपला होतात तेव्हा."

त्यांना कळायला वेळ लागला. "कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"शिरीष-किन्हई. काळा कुडा-पांढरा कुडा. आपटा-कांचन. खैर-हिवर."

"तुला कशा माहीत?"

"मला सगळ्याच माहीत आहेत." आणि मी सांगायला लागले. वरच्या कप्प्यापासून, डावीकडून उजवीकडे. बहावा, पार्कच्या गेटपाशी वेचलेला. कुसुंब. पांगारा. बिब्बा, तिच्या माहेरचा. उंडी, तुमच्या बहिणीने गावाहून पाठवलेली. थांबताच येईना. तिसऱ्या कप्प्यापर्यंत गेले तेव्हा हे हात वर करून म्हणाले, "पुरे."

ह्यांचे खांदे हळूहळू खाली आले, भीती उतरताना मला दिसली. आणि मला वाटलं, संपलं, आता हे मला माफ करतील. तेवढ्यात ह्यांनी वर पाहिलं.

"आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवस माझ्या शेजारी बसून चहा प्यायलीस. वही वाचलीस. बरोबर आहे म्हणालीस."

"हो."

"का?"

"जळत होते मी," मी म्हटलं. दुसरा शब्द सापडला नाही. "ती तुम्हाला हसवते. मी पाळ्या करून घर चालवलं आणि तुम्ही हसलात ते तिच्याबरोबर. मला कधी बोलावलंत का? एकदा तरी म्हणालात, तू पण बस?"

"तू झोपायचीस!"

"मी झोपत नव्हते."

हे उठले. पायात चपला घातल्या. दारातून म्हणाले, "तिला तूच सांगायचंस. मी सांगणार नाही." आणि एकटेच निघून गेले, पार्कच्या दिशेने. मी गॅलरीतून बघत राहिले. भराभर चालत होते, बऱ्याच दिवसांनी.

सुनेला मी स्वयंपाकघरातच सांगितलं, उभ्या उभ्या. वाटलं होतं, ती रडेल नाहीतर समजूतदारपणे गप्प राहील. तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. हातातलं भांडं ओट्यावर आपटलं.

"माझ्यावर राग होता ना? मग मला बोलायचं होतं. बाबांना काहून त्रास दिला?" ती रागावली की तिच्या बोलण्यात माहेर यायचं. "मी आठ दिवस झोपले नाही. आणि तुमच्यावर संशयसुद्धा आला नाही माझ्या मनात. आई असं करतील असं वाटलंच नाही."

ते शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"हो, चुकलं," ती म्हणाली आणि बाहेर गेली. 'जाऊ द्या हो आई' असं ती म्हणाली नाही. मला त्याबद्दल तिचा आदर वाटला, पण तो पुढे बऱ्याच दिवसांनी.

तीन आठवडे हे माझ्या हातचा चहा प्यायले नाहीत. सून करायची तोच प्यायचे. मुलाला ह्यांनी किंवा सुनेने काही सांगितलं नाही. त्याला अजूनही माहीत नाही. घरात बोलणं होतं, पण कामापुरतं. त्या सदऱ्याच्या आतला तुकडा मी दुसऱ्याच दिवशी उसवला. टाके इतके बारीक होते की मला सगळी सकाळ लागली.

माफी वगैरे ठरावीक दिवशी कुणी दिली नाही. एका दुपारी मी आत आडवी होते, तर बाहेरून ह्यांचा आवाज आला, कोरडाच. "झोपली नाहीस ना? मग ये बाहेर. ही रानमेथी आपण कुठनं आणली होती, हिला आठवत नाही, मलाही आठवत नाही." मी आतूनच सांगितलं, "पार्कातल्या तुळशी तलावाकडून, गेल्या श्रावणात." मग सून म्हणाली, "बाहेर येऊन सांगा, आई. मी लिहून घेते." मी गेले आणि वर्तमानपत्राच्या कडेला बसले. पहिले काही दिवस तिघंही अवघडलेले होतो. ती माझ्याकडे थेट बघायची नाही. मीही तिच्याकडे.

बियांची आवड मला लागली का? खरं सांगायचं तर नाही. शेंगा फोडताना नखं दुखतात, बिब्ब्याने एकदा हातावर फोड आले. पार्कमध्ये गेले तरी मी पहिल्या बाकापर्यंतच जायची आणि बसायची. पण वही माझ्याकडे आली. कुठली बी, कुठून, कधी, तिची दोन-तीन नावं. त्यात मी कुणाला हार जात नव्हते. ह्यांचा चहाही पुन्हा माझ्याकडे आला, कधी ते आता आठवत नाही.

वर्षभराने सुनेला अंधेरीच्या एका शाळेत नोकरी लागली. सकाळची शाळा, पण शिकवण्या धरून घरी यायला तिला संध्याकाळ व्हायची. ह्यांना दुपारी करमेना. आम्ही दोघंच वर्तमानपत्र पसरून बसायचो, मी नावं सांगायची, हे पाला बदलायचे. मला हवं होतं तसंच सगळं होतं. आणि तरी एखादी अनोळखी बी हातात आली की हे ती दोन बोटांत फिरवून बघायचे, माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची, मग ते बी ओट्यावर वाटीत ठेवून म्हणायचे, "ती येऊ दे. तिला माहीत असेल."

बहुतेक वेळा तिला माहीत असायचं. ती चपला काढायच्या आधी वाटी तिच्यापुढे व्हायची, ती दारातच उभी राहून नाव सांगायची आणि ह्यांचा चेहरा उजळायचा. मी वहीत नाव लिहून घ्यायची. मला तेव्हाही खुपायचं. आधीइतकं नाही, पण खुपायचं, आणि मी तशीच लिहून घ्यायची.